‘पासंग’ : तराजूतील एका शब्दाचा इतिहास

‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे वाक्य शाहूवाडी तालुक्यात मलकापूर-बांबवड्याच्या बाजारात जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्याच सहजतेने ते मराठीच्या पदव्युत्तर वर्गातही उच्चारले जाते. वाक्याचा रोख सर्वांनाच कळतो. परंतु ‘पासंग’ म्हणजे काय, असा प्रश्न केला तर वर्गातून बहुधा ‘बरोबरी’ किंवा ‘तुलना’ असे उत्तर येते. हे उत्तर चुकीचे आहे. आणि ज्या अर्थी चुकीचे असूनही त्यावाचून कोणाचे काही अडत नाही, त्या अर्थी येथे शब्दार्थाच्या इतिहासातील एक विचारात घेण्याजोगी गोष्ट घडली आहे. वस्तू व्यवहारातून गेली, तिचे नाव एका वाक्प्रचारात अडकून राहिले, आणि त्या नावाला वाक्प्रचारानेच नवा अर्थ बहाल केला. प्रस्तुत टिपणात त्या वस्तूचा आणि त्या नावाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभी एका परक्या शब्दाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. इंग्रजी बोलीत ‘किल्टर’ असा एक शब्द आहे. एखादी गोष्ट समतोल सोडून बसली, यंत्राचा मेळ बिघडला, माणसाची वृत्ती ठिकाणावर राहिली नाही, म्हणजे ती ‘किल्टरबाहेर’ गेली असे इंग्रज आणि विशेषतः अमेरिकन मनुष्य म्हणतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून हा शब्द लेखनात सापडतो. इंग्लंडातील प्रांतिक बोलींत त्याचे ‘केल्टर’ असे रूप होते आणि त्याचा अर्थ ‘सुस्थिती’, ‘कामास योग्य अशी अवस्था’ एवढाच होता. समतोलाची छटा त्याला पुढे चिकटली. अमेरिकेतील आरंभीच्या इंग्रज वसाहतींत नादुरुस्त बंदुकांनाही हा शब्द लावीत असत. परंतु हा शब्द आला कोठून, हे इंग्रजी कोशकारांना सांगता आलेले नाही. आणखी एक विशेष असा की, ‘किल्टर’ हा शब्द एकटा, होकारार्थी, असा जवळजवळ आढळतच नाही. किल्टरमध्ये असलेल्या वस्तूविषयी कोणी बोलत नाही. किल्टर सुटले म्हणजेच त्याची आठवण होते. ज्याचे कुलगोत्र ठाऊक नाही आणि ज्याला स्वतंत्र संसार नाही असा हा शब्द चारशे वर्षे जगला आहे, तो एका ठराविक नकारार्थी शब्दसंहतीच्या आश्रयाने.

‘पासंग’ या शब्दाची स्थिती यासारखीच आहे, एवढा भेद सोडून की त्याचे कुलगोत्र आपणांस ठाऊक आहे. ‘किल्टर’चा जनक सापडत नाही म्हणून त्याच्या चिवटपणाचे गूढ वाटते, ‘पासंग’चा जनक हाती असल्यामुळे ते गूढ उकलण्याची थोडी तरी आशा बाळगता येते.

मराठीतील तोलण्याच्या शब्दांकडे पाहिले तर त्यांत दोन थर स्पष्ट दिसतात. ‘तोल’, ‘तोलणे’, ‘तोळा’, ‘समतोल’ ही मंडळी संस्कृत ‘तुला’ आणि तिच्यामागच्या ‘तुल्’ धातूच्या घराण्यातली. तराजूची ‘दांडी’ ही ‘दण्ड’ शब्दापासून, आणि तिच्या मध्यभागी उभा राहून न्याय सांगणारा ‘काटा’ हा ‘कण्टका’पासून आलेला. दुसरा थर फारशी-अरबीचा. खुद्द ‘तराजू’ फारशी. ‘वजन’ मुळात अरबी आणि फारशीच्या द्वारे आलेले. म्हणजे क्रिया संस्कृत कुळातली आणि उपकरण व परिमाण यवनी कुळातले, अशी ही वाटणी आहे. ‘तराजूने वजन तोलले’ या तीन शब्दांच्या वाक्यात तीन भाषांचा इतिहास सामावला आहे. परंतु बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते, आणि नसावी हेच ठीक.

‘पासंग’ हा दुसऱ्या थरातला शब्द. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असता दांडी सरळ राहिली पाहिजे. हाताने घडवलेल्या, दोरीने टांगलेल्या तराजूत हे क्वचितच साधे. एक पारडे अंमळ जड, एकाची दोरी ओली किंवा जाड, एकाचा पत्रा झिजलेला. कोणत्या तरी कारणाने दांडी एका बाजूस कलत असे. अशा वेळी हलक्या पारड्याला एक खडा, लोखंडाचा तुकडा, चिंधीत बांधलेली वाळू, असे काहीतरी अडकवून दांडी सरळ करीत. हा जो अडकवलेला तुकडा तो पासंग. त्याचप्रमाणे तराजूत मुळात असलेला जो कल, त्यालाही ‘पासंग’च म्हणत : ‘या तराजूला पासंग आहे’ याचा अर्थ हा तराजू रिकाम्यानेच झुकतो. रोग आणि त्याचे औषध या दोहोंना एकच नाव असावे हे चमत्कारिक खरे, परंतु बाजाराच्या भाषेत ते अडचणीचे नव्हते. पारड्याला खडा बांधलेला दिसला म्हणजे मूळचा कल किती असेल याचा अंदाज पाहणाऱ्याला आपोआप येत असे.

याच्या शेजारीच आणखी एक शब्द उभा आहे, तो म्हणजे ‘धडा’. तेल, तूप, काकवी असला पातळ जिन्नस भांड्यासकट तोलावा लागतो. तेव्हा प्रथम रिकामे भांडे एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात तितकेच वजन टाकून दांडी सरळ करावयाची, आणि मग जिन्नस ओतावयाचा. याला ‘धडा करणे’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकातील धड्याशी याची गल्लत करू नये. हा धडा संस्कृत ‘धट’ या शब्दाशी जोडला जातो. स्मृतिग्रंथांत तराजूला ‘धट’ हे नाव आहे आणि आरोपीला तराजूत बसवून घ्यावयाच्या दिव्याला ‘धटदिव्य’ म्हटले आहे. ढोबळ मानाने असे म्हणता येईल की, धडा हा एका वेळच्या तोलापुरता केलेला समतोल आणि पासंग हा तराजूच्या अंगचाच झालेला समतोल. पहिल्यासाठी भाषेने आपला जुना शब्द ठेवला, दुसऱ्यासाठी परका घेतला. दोन थरांतील शब्द एकाच दुकानात काम वाटून घेऊन नांदत होते, आणि त्यांत कोणी कोणाला हुसकून लावले नाही.

आता व्युत्पत्ती. फारशी कोशांत या अर्थाची ‘पासंग’ आणि ‘पारसंग’ अशी दोन्ही रूपे सापडतात. उत्तरपदाविषयी शंका नाही : ‘संग’ म्हणजे दगड. मराठीला हा ‘संग’ अपरिचित नाही. ‘संगमरवर’ आणि भक्कम बांधकामाला लावले जाणारे ‘संगीन’ हे विशेषण यांत तोच दगड आहे. पूर्वपदाची फोड दोन प्रकारे होते. ‘पा’ म्हणजे पाय असे घेतले, तर आपल्या ‘पायजमा’ शब्दातला जो पाय तोच येथे येतो आणि ‘पायाशी बांधलेला दगड’ असा अर्थ निघतो. ‘पारा’ म्हणजे तुकडा असे घेतले, तर ‘दगडाचा तुकडा’ हा अर्थ होतो. आजच्या इराणी बोलीत ‘पारेसंग’ असेही रूप आहे, आणि वस्तूचे स्वरूप पाहता दुसरी फोड मला अधिक पटते. तथापि पहिलीही त्याज्य नाही. ‘संग’ म्हणजे संगत आणि ‘पा’ म्हणजे पास, जवळ, असा जो अर्थ मराठी कानाला सुचतो तो मात्र निव्वळ आभास होय. असले आभास उपयोगी नसतात असे नव्हे. परका शब्द आपलासा होण्यास पुष्कळदा तेच मदत करतात.

इराणी बोलीतील एक वाक्प्रचार येथे मुद्दाम नोंदवण्याजोगा आहे. ज्याचे डोके किंचित फिरलेले आहे अशा माणसाविषयी ‘त्याच्या अकलेला पारेसंग लागतो’ असे तेथे म्हणतात. म्हणजे त्याची बुद्धी कललेली आहे, ती सरळ करावयास वरून दगड बांधावा लागेल. इंग्रज मनुष्य ज्याला ‘किल्टरबाहेर’ म्हणेल, त्यालाच इराणी मनुष्य पासंगाची गरज असलेला म्हणतो. एकाच वस्तूतून इराणने वेडसरपणाची कल्पना काढली, आणि मराठीने व हिंदीने क्षुद्रतेची. हिंदीतही ‘पासंग बराबर भी नहीं’ हा प्रयोग रूढ आहे. तेव्हा मराठी वाक्प्रचार हा काही एकट्या मराठीचा शोध नव्हे. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांच्या सामाईक बाजारभाषेतला तो माल आहे.

हा माल सह्याद्रीच्या या कोपऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने आला असावा? शाहूवाडी तालुक्यात असलेला विशाळगड पूर्वी खेळणा या नावाने ओळखला जाई. इ. स. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार याची फौज या खेळण्याच्या वाटेवरील अरण्यात कापली गेली. पुढे १४६९ ते १४७२ या काळातील कोकण-मोहिमेत महमूद गावानाने हा किल्ला घेतला. ‘मलिक-उत्-तुजार’ हा किताब आहे आणि त्याचा अर्थ ‘व्यापाऱ्यांचा राजा’. महमूद गावानही मूळचा इराणातून आलेला व्यापारीच, आणि हाच किताब त्यालाही मिळाला होता. राजकीय इतिहास लिहिताना आपण या नावांमागचा व्यापारी अर्थ विसरतो. बहमनी आणि नंतर आदिलशाही अमलात फारशी शब्द केवळ दफ्तरातून आले असे समजण्याचे कारण नाही. घोड्यांच्या, कापडाच्या, मसाल्याच्या व्यापाराबरोबर ते पेठांतूनही आले. १६५९ मध्ये पन्हाळा आणि खेळणा शिवाजीमहाराजांच्या हाती आले, तोवर या प्रदेशाने फारशी बाजारभाषेचा परिचय पिढ्यानपिढ्या घेतलेला होता.

राज्याभिषेकानंतरच्या काळात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त यवनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत, आणि त्यात बाजाराच्या वस्तूंसाठी स्वतंत्र ‘पण्यवर्ग’ही आहे. राजदरबारच्या पदव्यांत त्या प्रयत्नाला काही काळ यश आले. पेठेत मात्र तराजू तराजूच राहिला आणि वजन वजनच राहिले. याचे कारण उघड आहे. प्रधानाची पदवी एका हुकुमाने बदलता येते. पण तोलणारा वाणी, माल घेऊन आलेला कुळवाडी आणि घाटावरून कोकणात जाणारा बैलवाला यांच्यात रोज बोलली जाणारी भाषा बदलावयास रोजचा व्यवहारच बदलावा लागतो.

या व्यवहाराचा विचार करताना शाहूवाडीचे भौगोलिक स्थान ध्यानात घेतले पाहिजे. कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणारा मार्ग बांबवडे, मलकापूर यांवरून आंबा घाटाने साखरप्याकडे उतरतो. विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे मलकापूर येथेच होते. तालुक्याचा पश्चिम भाग अतिपावसाचा, भात आणि नाचणी पिकवणारा. पूर्वेकडे उतरत गेले की उसाचा आणि गुळाचा मुलूख लागतो. धान्य मापाने मोजण्याची आणि गूळ तोलून घेण्याची, अशा दोन रीती येथे एकमेकींना भेटत. चिपटे, शेर, पायली यांनी भात मोजावयाचे. सामान्य कोष्टकाप्रमाणे ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. पण गावोगाव पायली निराळी, आणि घाटाखालचा शेर व घाटावरचा शेर एकच असेल याचा भरवसा नसे.

मापाच्या रीतीत तंटा होई तो शिगेवरून. माप काठोकाठ भरल्यावर वर जो शंकूसारखा ढीग राहतो ती शीग. माप शिगेसह धरावयाचे की हाताने सपाट करून, यावर देणाऱ्याघेणाऱ्याचे नफानुकसान ठरे. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे वृत्तपत्रांत रोज छापले जाते. त्या शिगेचा उगम या मापात आहे. तोलाच्या रीतीत तंटा होई तो पासंगावरून. मापाने मराठीला शीग दिली आणि तराजूने पासंग. दोन्ही शब्द मूळ वस्तू विसरून वाक्प्रचारात राहिले. एक पराकाष्ठेचा वाचक झाला आणि दुसरा क्षुद्रतेचा, यात मात्र योगायोग नाही. शीग मापाच्या वर असते व डोळ्यांत भरते. पासंग पारड्याखाली बांधलेला असतो, त्याच्यावर आकडा नसतो, आणि त्याची किंमत कोणी कोणाला मोजत नाही.

तराजूवर राजसत्तेने नजर ठेवावी ही कल्पना फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तुला आणि माने यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. वजने लोखंडाची, किंवा मगध व मेकल येथील दगडाची करावीत. पाण्याने वा उष्णतेने वाढणारी-घटणारी नसावीत, असे त्यात सांगितले आहे. दर चार महिन्यांनी ती तपासून त्यांवर मुद्रा उठवावी आणि मुद्रेवाचून वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पणांचा दंड करावा, असाही नियम आहे. त्याच प्रकरणात ‘समवृत्ता’ नावाच्या ७२ अंगुळे लांबीच्या तुलेचे वर्णन येते. तिला पाच पलांचे मंडल बांधून मग तिचा समबिंदू निश्चित करावा, असे तेथे म्हटले आहे. बांधलेला भार धरूनच सम ठरवावयाचा, हे तत्त्व पासंगाच्या तत्त्वाहून दूर नाही. मनुस्मृतीतही तुला व माने दर सहा महिन्यांनी राजाने पुन्हा तपासावीत असे सांगितले आहे. अर्थात नियम ग्रंथात असणे आणि तो आंबा घाटाच्या तोंडाशी भरणाऱ्या बाजारात पाळला जाणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. ग्रंथातील कलमांवरून प्रत्यक्ष व्यवहाराचे चित्र रंगवण्याची जी सवय आपल्या सामाजिक इतिहासलेखनाला लागली आहे, तिच्यापासून येथेही सावध राहिले पाहिजे.

प्रत्यक्ष व्यवहारात पासंगाला महत्त्व का होते, हे कळण्यास थोडा पदार्थविज्ञानाचा आधार घ्यावा लागतो. तराजू दोन कारणांनी खोटा असू शकतो. एक, पारड्यांची वजने असमान असणे. हा दोष पासंगाने पूर्णपणे दूर होतो. मग त्या तराजूचा तोल खरा. दुसरे, दांडीच्या दोन भुजा असमान असणे, म्हणजे काटा बरोबर मध्यावर नसणे. हा दोष पासंगाने दूर होत नाही, झाकला मात्र जातो. समजा, एक भुजा २० अंगुळे आणि दुसरी १९ अंगुळे आहे. आखूड भुजेच्या पारड्याला पुरेसा खडा बांधला की रिकामी दांडी सरळ राहील. पाहणाऱ्याचे समाधान होईल. आता लांब भुजेच्या पारड्यात माल आणि आखूड भुजेच्या पारड्यात एक किलोचे वजन टाका. दांडी सरळ होईल तेव्हा मालाचे खरे वजन ९५० ग्रॅमच भरेल. हाच तराजू फिरवून धरला, माल आखूड बाजूस घेतला, तर ‘एक किलो’ म्हणून सुमारे १०५३ ग्रॅम माल पदरात पडेल. विकताना एका बाजूने आणि घेताना दुसऱ्या बाजूने तोलणाऱ्याला एकाच तराजूत दोन्हीकडून लाभ.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘तराजू रिकामा धरून दाखव’ एवढे म्हणणारा गिऱ्हाईक निम्माच सावध होता. खरी परीक्षा पारडी बदलून पुन्हा तोलण्यात आहे. दोन्ही वेळा सारखे वजन आले तर भुजा समान. न आले तर दोहोंचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे, म्हणजे खरे वजन मिळते. वर्गमूळ काढण्याचे कारण बाजारात कोणाला नव्हते, परंतु ‘उलट पारड्यात घाल’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हा प्रश्न हिशेबाचा नसून समाजाचा आहे. वाण्याच्या ओसरीवर उभा असलेला, मागची उधारी डोक्यावर असलेला कुळवाडी तो अधिकार क्वचितच बजावू शके. ‘काटा मारणे’ हा शब्द अशा माणसांच्या अनुभवातून भाषेत आला आहे. पारड्याखाली पासंग बांधलेला पाहून तो निमूट बसे, कारण पासंग हे प्रामाणिकपणाचे चिन्ह होते आणि अप्रामाणिकपणाचे पांघरूणही होते.

तोलण्याच्या खोटेपणाचे दुसरे अंग हिशेबाच्या वहीत होते. ओलावा, कचरा, पोत्याचे वजन या सबबींवर मालातून जी वजावट करीत तिला ‘कडता’ म्हणतात. पासंग तराजूवर दिसे. कडता वहीत दिसे, आणि ज्याला वही वाचता येत नसे त्याला दिसतही नसे. राजर्षी शाहूमहाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरास शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला मोठी जागा मिळाली. पेठ वाढली तसा अडत्या, हमाल, मापाडी, तोलाई, कडता हा सगळा शब्दसंसारही वाढला. बाजार समित्यांचा कायदा, म्हणजे महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३, हा या संसाराला शिस्त लावण्याच्या प्रयत्नांतला पुढचा टप्पा होय. त्याचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. येथे त्याच्या खोलात शिरत नाही.

आता मूळ वाक्प्रचाराकडे वळू. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ या वाक्यातील चित्र नेमके कोणते? ‘पासंग’ म्हणजे ‘तुलना’ असे मानणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन पारड्यांत बसलेली दोन माणसे असतात, आणि त्यांतला एक हलका ठरतो. मूळ चित्र याहून कठोर आहे. तो दुसऱ्या पारड्यात बसण्याच्या लायकीचा तर नाहीच. समोरच्या थोर माणसाला तोलावयाचा म्हणून जो तराजू उभा करावयाचा, त्याचा किंचित कल काढण्यासाठी खडा म्हणून बांधावयासही तो अपुरा आहे. तुलना व्हावयाच्या आधीच तो बाद झाला. वाक्यातील ‘ही’ हे अव्यय याची साक्ष देते. ‘तुलनेलाही पुरणार नाही’ असे मराठी माणूस म्हणत नाही. ‘तुलनेत टिकणार नाही’ असे म्हणतो. ‘पुरणे’ हे क्रियापद आणि ‘ही’ हे अव्यय, दोन्ही एका लहानशा, प्रत्यक्ष, हातात घेता येणाऱ्या वस्तूची अपेक्षा करतात. वस्तू विस्मृत झाली, पण तिच्या मापाचा साचा वाक्यरचनेत तसाच राहिला.

इंग्रजीत पासंगाशी जुळणारा ‘मेकवेट’ म्हणून शब्द आहे. ठरलेले वजन भरावयास थोडे कमी पडले तर मेणबत्तीचा किंवा दुसऱ्या जिन्नसाचा लहान तुकडा वर टाकीत, तो मेकवेट; पुढे ‘जागा भरण्यासाठी घेतलेला क्षुल्लक मनुष्य किंवा मुद्दा’ हा अर्थ त्याला आला. दोन शब्दांचा प्रवास समांतर आहे, पण वस्तू एक नाही. मेकवेट मालात पडते आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाते. पासंग कोणाच्याच घरी जात नाही. तो तराजूपाशीच राहतो. म्हणून मेकवेटमध्ये भर घातल्याचा थोडा तरी भाव उरला, आणि पासंगात तेवढाही उरला नाही.

येथे ‘किल्टर’चा धागा पुन्हा हाती घेता येईल. अर्थाने ‘किल्टर’ला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘ताळतंत्र’ हा आहे, आणि त्याचीही कथा हीच. ताळतंत्र ‘सुटते’, माणूस ते ‘सोडतो’, एखाद्याला ते ‘नसते’. ताळतंत्र ‘आहे’ असे सहसा कोणी म्हणत नाही. जमाखर्चाचा मेळ दाखवणारा ‘ताळेबंद’ पेशवे दफ्तरापासून आजच्या सहकारी पतसंस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत होकारार्थी जगला, कारण तो कागद दरवर्षी नव्याने लिहावा लागतो. ताळतंत्राचा कागद नसतो. यावरून असे अनुमान करावेसे वाटते की, समतोलाचे बोलीतले शब्द कोणत्या कुळातून आले यावर त्यांचे आयुष्य अवलंबून नसते. ‘किल्टर’चे कुळ अज्ञात, ‘पासंग’चे फारशी, पण तिन्ही शब्द एकाच प्रकारच्या घरात राहतात. सुस्थिती जाणवत नाही, ती मोडली की जाणवते. म्हणून तिच्या नावाला नकाराची सोबत मिळते, आणि हीच सोबत कायमची झाली की वस्तू गेली तरी नाव टिकते. व्युत्पत्तिशास्त्राने शब्दाचा जन्म सांगावा, हे योग्यच. त्याच्या दीर्घायुष्याचे कारण मात्र पुष्कळदा वाक्यात शोधावे लागते. कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशानंतर या दुसऱ्या अंगाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही, हे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते.

वस्तू गेली कशी, हे सांगावयास फार शब्द नकोत. १९५६ च्या वजने-मापे अधिनियमान्वये दशमान पद्धती आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने अंमलात आणली गेली, आणि शेर, मण, तोळा कायद्याच्या दृष्टीने निवृत्त झाले. टांगत्या तराजूच्या जागी दुकानातील लोखंडी काटा आला, आणि त्यानंतर विजेवर किंवा बॅटरीवर चालणारा काटा. या शेवटच्या काट्याला दोन पारडी नाहीत, दांडी नाही. तेव्हा पासंगाला जागाच उरली नाही. धड्याला मात्र उरली. भांडे ठेवून एक कळ दाबली की आकडा शून्यावर येतो. त्या कळेवर ‘टेअर’ असे लिहिलेले असते, आणि हा इंग्रजी शब्द युरोपी भाषांच्या द्वारे अरबी ‘तर्ह’ म्हणजे ‘टाकून देणे’ या शब्दापासून आला आहे. आपल्या ‘तऱ्हा’ शब्दाचे मूळही तेच, फारशीतून आलेले. म्हणजे धडा करण्याची जुनी क्रिया आज दुकानदार ज्या कळेने करतो, तिच्यावर त्याच्याच बोलीतील तऱ्हेचा दूरचा नातलग बसलेला आहे.

फसवणुकीचे शब्द मात्र उपकरणाबरोबर निवृत्त झाले नाहीत. उसाच्या गाड्या तोलणाऱ्या मोठ्या काट्याला दांडी नाही आणि ज्याला मारावा असा उभा काटाही नाही. तरी कोल्हापूर-सांगलीच्या ऊस-आंदोलनांतून ‘काटामारी’ हा शब्द नव्या जोमाने फिरला. २००९ चा वैधमापन अधिनियम १ एप्रिल २०११ पासून लागू झाला, त्याआधीचे कायदेही होते. पण तोलणारा एक आणि तोलून घेणारा दुसरा, ही स्थिती जोवर आहे तोवर या शब्दाला काम आहे. ‘पासंग’ला असे नवे काम मिळाले नाही, याचे कारण तो दिसणारा होता. आजच्या काट्यातील कल दिसत नाही. तो आकड्याच्या आत असतो, आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवावे असा खडा कोठे बांधलेला नसतो.

कोशकारांच्या दृष्टीने एक सूचना करून हे टिपण थांबवतो. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७), माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे ज्या काळात झाले, त्या काळी वाचकाने पासंग पाहिलेला होता. त्याला अर्थाची आठवण देणे पुरेसे होते. नव्या कोशाच्या वाचकाने तो पाहिलेला नाही. म्हणून नोंदीत प्रथम ‘तराजूचा मूळचा कल’, मग ‘तो काढण्यासाठी हलक्या पारड्यास बांधलेला खडा’, आणि तिसऱ्या क्रमांकावर ‘(लक्षणेने) अत्यल्प वस्तू, बहुधा नकारार्थी रचनेत’ असा क्रम ठेवावा. ‘बरोबरी, तुलना’ हा अर्थ अलीकडील गैरसमजातून आलेला म्हणून चौथा द्यावा, गाळू नये. कारण उद्या हाच अर्थ पहिला होण्याचा संभव आहे. नोंदीसोबत दोरीच्या तराजूचे एक लहानसे रेखाचित्र द्यावे, आणि त्यात खडा कोठे बांधीत ते बाणाने दाखवावे. त्याच पानावर ‘धडा’ या नोंदीकडे निर्देश असावा, आणि ‘शीग’ या शब्दाच्या नोंदीत पायलीचेही चित्र असावे.